मंदाताईंच्या वहीतला रकाना

आजवर माझं नाव तीन ठिकाणी कायमचं नोंदलं गेलं आहे. एक, आमच्या लग्नपत्रिकेत. तिथं ते जरा बारीक टायपात आहे, कारण पत्रिका बायकोच्या मामांनी छापून घेतली होती. दोन, सोसायटीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर, 'नूतनीकरण समिती'च्या यादीत शेवटून दुसरं. आणि तीन, मंदाताई कारखानीस यांच्या वहीत, 'गप्प' या रकान्यात. पत्रिका कुठं गेली माहीत नाही, टाकीवरचा रंग उडाला. वहीतली नोंद मात्र शिसपेन्सिलीची असूनही अजून स्वच्छ वाचता येते.

मंदाताई आमच्या बी विंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. लग्न केलं नव्हतं. ठाण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडता जोडता सुपरवायझर होऊन निवृत्त झाल्या आणि मग 'महिला शांतता व मानवी हक्क मंडळ, डोंबिवली (पूर्व)' ही संस्था काढून आमच्या सर्वांच्या शनिवार दुपारी संपवल्या. उंची बेताची, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला, खांद्याला खाकी पिशवी आणि पिशवीत ती लांबट वही. वहीला दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल. चहा प्यायच्या त्या स्वतःच्या स्टीलच्या पेल्यातून, आणि कुणी काही विचारलं की मनात तीन अंक मोजून मग उत्तर द्यायच्या. नव्या माणसाला वाटायचं, यांना ऐकू आलं नाही. तो परत मोठ्यानं विचारायचा आणि यांचं मोजणं पुन्हा एकपासून सुरू व्हायचं. आमचे चेअरमन देवस्थळी एकदा "ताई, लाइट गेलेत का तुमच्याकडे?" हा प्रश्न जिन्यातल्या काळोखात चार वेळा विचारून शेवटी चाचपडत खाली गेले.

इतर संस्थांच्या इतिवृत्तात कोण काय बोललं ते लिहितात. मंदाताईंच्या वहीत दोनच रकाने: 'बोलल्या' आणि 'गप्प'. 'बोलल्या'मध्ये नुसती नावं. काय बोलल्या ते नाही. मी एकदा विचारलं, तर तीन मोजून म्हणाल्या, "चांगलंच बोलतात हो सगळ्या. ते कशाला लिहायचं?" 'गप्प'मध्ये मात्र नाव, विषय आणि वेळ. 'कामवालीची रविवारची सुट्टी: चौघी गप्प.' 'सुनेनं नोकरी करावी का: अमुकबाई गप्प, सून शेजारी बसली होती.' हे त्यांचं एक्स्चेंजमधलं वळण. लाइन जोडली की दोन्हीकडची माणसं बोलायला लागली का एवढं ऐकायचं आणि बाजूला व्हायचं, असा तिथला नियम. त्या म्हणायच्या, हॅलो हॅलो करणारे कुणी लक्षात राहिले नाहीत. लाइन चालू असून न बोलणारे राहिले.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. म्हणजे एका जिन्यावर इतिवृत्त लिहिणारे दोघं. माझ्या इतिवृत्तात कुणीच गप्प नसायचं, कारण प्रत्येक वाक्याच्या शेवटी मी 'सर्वानुमते' लिहायचो. सेक्रेटरीपदाच्या इतक्या वर्षांत मी हा एकच शब्द कमावला आहे. आमच्या पार्किंगवरून दोन सख्ख्या भावांनी एकमेकांची कॉलर धरली, तेव्हाही मी 'साधकबाधक चर्चेअंती सर्वानुमते' असंच लिहिलं होतं.

माझी बायको सुनीता मंडळाची सभासद असल्यामुळे शांततेच्या चळवळीत मलाही काम मिळालं. ते म्हणजे खुर्च्या. शनिवारी चार वाजता क्लबरूममध्ये खुर्च्या लावायच्या, सहाला उचलायच्या. भिंतीपाशी उभं राहून मी जे ऐकलं त्यावरून सांगतो, जगातल्या बहुतेक युद्धांचा निषेध त्या खोलीत झालेला आहे. युद्ध जितकं लांबचं, तितका ठराव लवकर मंजूर. दोन समुद्रांपलीकडचं असलं तर चहाच्या आधी, जरा जवळचं असलं तर चहानंतर, आणि जिन्यात चपला ठेवण्यावरून बी विंगमध्ये पेटलेलं असलं तर पुढच्या शनिवारी.

एकदा तर मंडळच फुटलं. निमित्त फलकाचं. फलकावर शांततेचं प्रतीक म्हणून कबुतर काढायचं ठरलेलं. एक सभासद उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, या पक्ष्यासाठी मी गॅलरीला जाळी बसवून घेतली, सासूबाईंच्या छातीचा त्रास डॉक्टरांनी या पक्ष्यावर ढकलला, आणि आता त्यालाच हातात धरून मी चौकात उभी राहू? दुसरं मत असं की शांततेचं कबुतर पांढरं असतं, गॅलरीतलं करडं. त्यावर पांढरं कबुतर काय घाण करत नाही का, असा मुद्दा निघाला. दोन शनिवार हे चाललं. तिसऱ्या शनिवारी स्टेशनपलीकडच्या सभासदांनी समई हे चिन्ह घेऊन 'डोंबिवली (पश्चिम)' असं वेगळं मंडळ काढलं. तहाच्या बोलण्यांसाठी दोन्ही बाजूंना चालेल अशी तटस्थ जागा लागली, म्हणून सगळ्या जणी ठाण्याला, कोलशेतला कुणाच्या तरी मुलीच्या फ्लॅटवर गेल्या. बाविसावा मजला. तिथं कबुतरं आणखी जास्त.

तह मंदाताईंनी घडवला. फलकावर चित्र नको. मग मजकुरावरून वाद सुरू झाला, तेव्हा मजकूरही नको. कोरं पांढरं कापड. त्यावर दोन्ही मंडळं एक झाली. इतकं पूर्ण एकमत मी पुन्हा पाहिलं नाही.

त्या कोऱ्या कापडाची पहिली हजेरी गुरुवारी संध्याकाळी सहाला, स्टेशनबाहेर. अर्धा तास एका रांगेत उभं राहायचं आणि काहीही झालं तरी बोलायचं नाही, हा नियम. आता डोंबिवलीत स्टेशनबाहेर, संध्याकाळी सहाला, बायका एका रांगेत गुपचूप उभ्या आहेत आणि कुठं काही लिहिलेलं नाही, म्हटल्यावर माणूस काय समजणार? पाच मिनिटांत मागं दहा-बारा जण लागले. एका गृहस्थांनी शेवटच्या बाईंना विचारलं, "एमआयडीसीची का ही लाइन?" बाईंना नियमामुळे बोलता येईना. त्या नुसत्या शांततेनं त्यांच्याकडे बघत राहिल्या. गृहस्थांना ते हो वाटलं. मग शेअर रिक्षा येऊन लागल्या. ओळीनं पुढं सरकता सरकता मंडळाच्या दोघी सभासद खरोखरच रिक्षात बसून घरी गेल्या. पुढं विचारल्यावर म्हणाल्या, नंबर आला होता. बाकीच्यांचं म्हणणं, जागा बदलू या. मंदाताई म्हणाल्या, "कशाला? लोक उभे तर राहतायत."

इथवर सगळं गमतीचं होतं, आणि मी ते शेजारीपाजारी रंगवून सांगायचो. पुढचं मी फारसं सांगत नाही.

मंदाताईंच्या समोरचा फ्लॅट रिकामा होता. मालक पुण्याला. त्यांनी किल्ली ताईंकडे दिली आणि चांगला भाडेकरू बघा म्हणून सांगितलं. ताईंनी नसीम शेख नावाच्या नर्सला बघितलं. पित्ताशयाच्या ऑपरेशनला ताई कल्याणच्या दवाखान्यात होत्या तेव्हाची ओळख. नसीम, तिची आई आणि सातवीतली मुलगी कल्याणला एका जुन्या बिल्डिंगमध्ये राहायच्या. ती बिल्डिंग धोकादायक ठरली होती आणि पावसाळ्याआधी, मेअखेर खाली करायची होती. पुण्याचा मालक भला माणूस, पण भित्रा. म्हणाला, माझं काही नाही, सोसायटीचं ना-हरकत पत्र तेवढं आणा. पत्रावर सही सेक्रेटरीची. म्हणजे माझी.

मी ती तिथंच करू शकलो असतो. पेन खिशाला होतं. पण मी म्हटलं, ताई, मीटिंगमध्ये ठेवू या.

मीटिंगला सतरा जण आले, पाण्याच्या टंचाईलाही येत नाहीत इतके. देवस्थळींनी सुरुवात केली. त्यांचा स्वतःचा काडीचाही विरोध नव्हता, त्यांचे कितीतरी मित्र तसे आहेत, पण लोकांच्या भावना असतात. दुसरे म्हणाले, माझंही तसंच, पण म्हाताऱ्या माणसांना सवय नाही. म्हातारी माणसं म्हणाली, आमचं काय, आज आहोत उद्या नाही, पण तरुण मुलांचं बघा. मंडळाच्या पाच जणी, सुनीता धरून, दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या आणि पदराचं, पर्सचं, चष्म्याचं काही ना काही करत होत्या.

मंदाताई उठल्या. पिशवीतून वही काढली आणि रांगेनं एकेकाला विचारायला लागल्या. "तुमचा विरोध आहे?" "छे हो, माझा कसला?" "तुमचा?" "माझा नाही." सतरांपैकी सोळा जणांपर्यंत त्या जाऊन आल्या. एकाचाही विरोध नव्हता.

"मग विरोध आहे कुणाचा?" त्यांनी विचारलं.

पंख्याचा आवाज येत होता. शेवटी त्या माझ्यासमोर आल्या. "सेक्रेटरी, कुणाचाच विरोध नाही. सही करता?"

त्यांच्यासारखे मीही मनात तीन मोजले. मग दहा मोजले. मग पंख्याकडे बघून म्हटलं की पंख्याचं बेअरिंग गेलंय वाटतं. हे बोलणं झालं की नाही, यावर वाद होऊ शकतो. मंदाताईंनी ते बोलण्यात धरलं नाही. माझ्या देखत त्यांनी 'गप्प'च्या रकान्यात माझं नाव लिहिलं, आणि वर मान करून, "तुमचं आडनाव ऱ्हस्व की दीर्घ?" हेही विचारून घेतलं. त्या दिवशीच्या माझ्या इतिवृत्तात 'विषय सर्वानुमते पुढे ढकलण्यात आला' असं आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला मंदाताई सोसायटीच्या गेटाबाहेर उभ्या राहिल्या. एकट्या. हातावर ते कोरं कापड घडी घालून. अर्धा तास उभ्या राहिल्या आणि वर गेल्या. तिसऱ्या दिवशीही तेच. जाणारे-येणारे आम्ही "काय ताई, फिरायला?" असं विचारायचो आणि उत्तराची वाट न बघता सटकायचो. मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर हात जोडल्याची चित्रं खूप आली.

चौथ्या दिवशी त्यांच्या मागं जनाबाई येऊन उभी राहिली. जनाबाई खाडीवरची कोळीण. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर मासळीची पाटी घेऊन बसायची. पूर्वी ती दारोदार यायची. मग वासाबद्दल तक्रारी आल्या म्हणून तिला गेटाच्या आत सोडू नये, असा ठराव झाला. सुवाच्य अक्षरात तो मीच लिहिला आहे. तिनं पाटी भिंतीला लावली आणि म्हणाली, "ताई, मी पन उभी रातंय. मना पन आत सोरत नाय."

दोन बायका एकीमागं एक उभ्या राहिल्या की डोंबिवलीत ती रांग होते. सहाव्या दिवशी कुणीतरी तिसरं लागलं, "स्टेशन ना?" विचारून. पाठोपाठ एक रिक्षा थांबली. रिक्षावाल्यांची खबर वाऱ्यासारखी जाते. आठवड्याभरात आमच्या गेटावर संध्याकाळी सहाला चार-चार रिक्षा लागायला लागल्या. देवस्थळींची गाडी बाहेर निघेना. त्यांनी एकाला हटकलं तर तो म्हणाला, "काका, लाइन आहे म्हणजे स्टँड आहे." रांगेपुढं, सगळ्यात पहिल्या नंबरवर, मंदाताई. रिक्षा आली की बाजूला सरकून मागच्याला जागा देणार आणि परत आपल्या जागी.

मे संपायला चार दिवस उरले होते. नसीमच्या बिल्डिंगची वीज कापल्याचं सुनीता जेवताना म्हणाली आणि मी आमटी वाढून मागितली. संध्याकाळी ती कोथिंबीर आणायला गेली. मी जरा वेळानं पायात चप्पल सरकवून खाली आलो. का आलो ते मला ठाऊक नव्हतं, किंवा होतं. गेटाबाहेर रांगेत दहाएक माणसं. मी इकडंतिकडं बघून शेवटी जाऊन उभा राहिलो. कुणी विचारलं तर स्टेशनला जायचंय असं सांगायचं, हेही ठरवून ठेवलं.

रिक्षा आली. माझ्या पुढच्यानं ती सोडली. "तुम्ही जा, मला घाई नाही," म्हणाला. मीही म्हटलं, मलाही नाही. मागच्या बाई म्हणाल्या, मी पुढच्यानं जाईन. तेव्हा मी नीट बघितलं. पुढं ए विंगमधले निवृत्त बँक मॅनेजर. त्यांच्या पुढं मंडळाच्या दोघी. आणि त्यांच्या पुढं, हातात कोथिंबीर नसलेली माझी बायको. तिनंही वळून मला पाहिलं. बावीस वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांना असं रंगेहाथ पकडलं नव्हतं.

दुसरी रिक्षाही तशीच रिकामी. तिसरीही. तिसरा रिक्षावाला भडकला. इंजिन बंद करून खाली उतरला. "अरे, कोणाला जायचंच नाय काय? मग उभे कशाला राहिलात?"

प्रत्येकाचं स्टेशनला जायचं कारण तोंडाशी आलेलं आणि रिक्षा समोर उभी. मंदाताई तर नियमानं गप्प. शेवटी जनाबाई पुढं झाली. "त्या नर्सबायला घर द्या बोलून उभी हाव आमी. रिक्षा कोनाला पायजे?"

देवस्थळी गाडीत बसून हॉर्न वाजवत होते, ते थांबले. त्यांनी रांगेकडे पाहिलं, मॅनेजरांकडे, सुनीताकडे, माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर चुकीच्या लग्नाला आलेल्या माणसाचे भाव होते. त्यांनी काच खाली केली आणि म्हणाले, "सेक्रेटरी, काय ते पत्र देऊन टाका. पण आधी या रिक्षा हलवा."

मी वर गेलो आणि सही केली. मानवी हक्कांचा विजय वगैरे माझ्या इतिवृत्तात नाही. तिथं असं आहे: 'प्रवेशद्वाराजवळील रिक्षांच्या गर्दीचे निवारण व्हावे, या हेतूने सदर भाडेकरूस ना-हरकत पत्र देण्याचे सर्वानुमते ठरले.'

नसीम तीस तारखेला राहायला आली. महिन्याभरात तिच्या दाराशी रक्तदाब बघून घेणाऱ्यांची वेगळी रांग लागली. लोकांच्या भावना सगळ्यात पुढं. देवस्थळी एकदा मंदाताईंना म्हणाले, बाई हाताला फार हलकी, बरं झालं आपण घेतली. ताईंनी तीन मोजले. "ती शिवणकाम करत असती तरी तिला घर लागलंच असतं, देवस्थळी." हे बोलणं वहीत कुठल्या रकान्यात घालायचं, असा प्रश्न त्यांना पडला असावा. रिक्षा मात्र हलल्या नाहीत. आता तिथं रिक्षा स्टँडची रीतसर पाटी आहे, आणि पहिल्या नंबरवर बहुधा देवस्थळी असतात, कारण त्यांनी गाडी विकली.

गेल्या वर्षी मंदाताई टिटवाळ्याला राहायला गेल्या, धाकट्या बहिणीकडे. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मंडळाच्या सगळ्या वह्या सुनीताच्या हवाली केल्या. संध्याकाळी आम्ही दोघं त्या चाळत बसलो. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर मंडळ नव्हतंच. तिथं एवढंच होतं: 'शालूनं मनासारखं लग्न केलं. आप्पांनी दार लावून घेतलं. मी आत होते. गप्प.' शालू म्हणजे टिटवाळ्याची बहीण, आप्पा वडील. त्या पानाची शाई फार जुनी होती.

मग मी माझं पान शोधलं. मीटिंगच्या दिवशीचं सापडलं, आडनाव बरोबर दीर्घ. दहा पानं पुढं गेटावरचा तो दिवस. 'बोलल्या'मध्ये जनाबाई, एकटी. 'गप्प'मध्ये कुणी नाही. पट्टी न लावता, वाकडी रेघ मारून शेजारी तिसरा रकाना काढला होता, आणि त्यावर लिहिलं होतं, 'उभे राहिले'. त्यात मॅनेजर, मंडळाच्या दोघी, सुनीता, रांगेतले बाकीचे आणि शेवटी मी. माझ्या नावापुढं बारीक अक्षरात: 'रिक्षाच्या निमित्तानं.'

"अहो, माझ्यापुढंही तेच लिहिलंय," सुनीता म्हणाली. तेवढाच दिलासा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅलरीतून पाहिलं तर मंदाताई खाली रांगेत उभ्या. बॅगा धरायला नसीम. कुणीतरी म्हणालं, ताई, तुम्ही पुढं जा. त्या गेल्या नाहीत. मी खाली उतरलो. त्यांचा नंबर आला, दोघी बसल्या, आणि रिक्षावाला मान बाहेर काढून ओरडायला लागला, "एक सीट, स्टेशन, एक सीट." रांगेतल्या पुढच्या दोघांना एकत्र जायचं होतं. मी रांगेत नव्हतो. तरी कुणाची हरकत आली नाही म्हणून बसलो.

स्टेशनशी उतरल्यावर ताईंनी विचारलं, "तुमचं काय काम आज इकडं?"

मी तीन मोजले नाहीत. "काही नाही," म्हटलं. "तुम्हाला सोडायला आलो."

त्यांचा हात सवयीनं खाकी पिशवीत गेला. जरा वेळ आत चाचपडला. वही आमच्या घरी होती. मग तो हात रिकामाच बाहेर आला, आणि नसीमचा दंड धरून मंदाताई पुलाच्या पायऱ्या चढायला लागल्या. चौथ्या-पाचव्या पायरीवर थांबून त्यांनी मागं वळून मला नीट बघून घेतलं, वही नसताना एखादी गोष्ट लक्षात ठेवायची असली की माणूस बघतो तसं.